ट्रकमधली गार हवा

१७ जून, मंगळवार

ज्याच्या गाईंसाठी मी चारा वाहते त्या हेंकच्या गोठ्यापाशी आज मी ट्रकमध्येच बेशुद्ध पडले. ट्रक उभा होता, एवढंच नशीब. मागे लसूणघासाचे गठ्ठे गच्च बांधलेले, पुढे फाटक बंद. उघडायला कोणी येईपर्यंत जरा टेकावं म्हणून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. त्यानंतरचं आठवतं ते डोक्यावर ओतलेलं पाणी. गाईंच्या हौदातलं होतं. दोनदा केस धुतले तरी वास जात नाही.

हेंक एरवी कधी ओरडत नाही. आज ओरडला. "ओफेलिया, तू माझ्या फाटकात मेलीस तर तुझ्या मुलीला मी काय तोंड दाखवू?"

दवाखान्यातली नर्स त्याच्याहून कडक. "ट्रकमध्ये एसी नाही?"

"आहे. चालत नाही."

"मग तो चालेपर्यंत दुपारचं तुम्हीही चालवायचं नाही."

गेल्या हिवाळ्यात ट्रक घेतला तेव्हा एसीकडे बघितलंसुद्धा नाही. डिसेंबरात आमच्या या खोऱ्यात एसी कोणाला हवा असतो? इंजिन ऐकलं, टायर बघितले आणि घेतला. इतकी वर्षं गाजरांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून वाकडी गाजरं वेगळी काढली. डोक्यावर कायम कोणीतरी मुकादम. आता ट्रक माझा, भाडी माझी, कुठून कसं जायचं ते मी ठरवते. माझा हा पहिलाच उन्हाळा आणि पहिल्याच उन्हाळ्यात आडवी पडले.

नायेलीला फोन करून सांगितलं. सांगायला नको होतं. "आई, तो डबा वीक आणि सॅन डिएगोला ये. माझ्याकडे खोली रिकामी आहे. खिडकीतून समुद्राचा वारा येतो."

"वारा खाऊन राहू का?"

"चेष्टा करू नकोस. जुलैत मी येते. तोवर ट्रक गार झालेला नसेल तर तुला घेऊनच जाईन."

बरं म्हणाले. तिच्याशी वाद घालायला अंगात बळ नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तिचं बरोबर असेल असंही एकदा वाटून गेलं.

१९ जून, गुरुवार

गावातल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, आत एक नजर टाकली आणि सगळंच बदलावं लागेल म्हणाला. कॉम्प्रेसर, नळ्या, सगळं. एवढं एका नजरेत कसं कळलं, विचारलं. म्हणाला, "बाई, गाडीचं वय बघा." स्वतःचं वय त्याने बघितलं नसावं.

येताना दुकानातून एसीच्या गॅसचे डबे आणले. डब्याला नळी, नळीला छोटा काटा. वर चित्रं होती, त्याप्रमाणे केलं. पहिला डबा गेला आणि हवा जरा बरी लागली. मला वाटलं, एका डब्याने एवढी, तर आणखी घातला तर किती! दुपारी झळ यायला लागली ती थेट भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी.

२१ जून, शनिवार

सकाळी अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला. बघते तर कूको. माझा नवरा. (आपोआप असं लिहिलं गेलं. माझा आधीचा नवरा. आता बरोबर.)

त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. बेशुद्ध पडल्याचं मी नायेलीशिवाय कोणाला बोलले नाही. पण लहान गावात गोष्टी फिरायला कितीसा वेळ लागतो.

कूको भाजीच्या शीतगृहात यंत्रं दुरुस्त करतो. लेट्यूसचे ढीगच्या ढीग गार ठेवायचे हे त्याचं काम. त्याआधी बरीच वर्षं तो लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. घरी यायचा पाहुण्यासारखा. मला एकटीने संसार करायची इतकी सवय झाली की, तो कायमचा घरी आला तेव्हा मीठ कुठे ठेवायचं यावरून आमची वादावादी. मारामारी नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. नुसती खडखड. शेवटी मीच म्हणाले, वेगळं राहू या. तो बरं म्हणाला. तेव्हा त्याच्या त्या 'बरं'चाही मला राग आला होता.

आज त्याने हॅट काढली आणि पायरीखालीच उभा राहिला. "ओफे, ट्रक बघू का?"

"बघ. बघायचे पैसे पडत नाहीत."

त्याने निळी आणि तांबडी नळी लावली, वरचे दोन्ही काटे बघितले आणि माझ्याकडे वळला.

"किती डबे ओतलेस?"

"एक."

त्याने काट्यावर बोट ठेवलं.

"दोन."

"ओफे."

"अडीच."

"अडीच! बाई, एसी आहे हा, लग्नातलं बिअरचं पिंप नाही!"

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. त्याचं म्हणणं, आत गॅस इतका ठासून भरलाय की त्याला पसरायला जागाच नाही. मग आतली उष्णता बाहेर टाकणार कशी? सगळा गॅस त्याने स्वतःच्या यंत्रात ओढून घेतला. मग पंप लावून नळ्यांमधली हवा काढायला सुरुवात केली. त्या वेळात करण्यासारखं काहीच नसतं. नुसतं बसायचं. ओसरीवर दोन खुर्च्या ठेवल्या. चिंचेचं सरबत होतं, ते दिलं. त्याच्यासाठी केलं नव्हतं, चिंच आधीच भिजलेली होती.

"ट्रक छान घेतलास," तो म्हणाला.

"सगळे म्हणतात डबा आहे."

"सगळ्यांना काय कळतंय. इंजिन ऐक त्याचं."

इंजिन बंद होतं. पण कळलं मला त्याला काय म्हणायचंय ते.

पंप थांबवल्यावर काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती कुठेच नाही. गॅरेजवाल्याच्या नळ्या त्याला लखलाभ. कूकोने बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस तोलून भरला. गार हवा आली! मी दोन्ही हात एसीच्या झडपेसमोर धरले. तो म्हणाला, "लगेच नाचू नकोस. आधी चालवून बघ."

नाचत नव्हते मी.

२४ जून, मंगळवार

रस्त्यावर गार. शेतात गरम. गठ्ठे चढवताना ट्रक कासवासारखा पुढे न्यायचा असतो, त्या वेळी झडपेतून जी झळ येते ती बाहेरच्या उन्हाला लाजवेल. सध्या फक्त सकाळच्या फेऱ्या करते. दुपारच्या हेंकने दुसऱ्याला दिल्या. "तात्पुरत्या," म्हणाला. पण तात्पुरत्या गोष्टी कशा कायमच्या होतात ते मी कारखान्यात बघितलंय.

कूकोला फोन केला. त्याने विचारलं, "पळताना बरा असतो आणि उभा राहिला की तापतो?"

"हो."

"म्हणजे मालकिणीवर गेलाय."

फोन ठेवून दिला. मग परत लावला, कारण तो कधी येतोय हे विचारायचं राहिलं होतं. रविवारी येतो म्हणाला.

२९ जून, रविवार

ओसरी धुतली. कूको येणार म्हणून नाही, धूळ फार झाली होती.

त्याने परत नळ्या लावल्या आणि इंजिन चालू ठेवलं. तांबडा काटा वर चढत चालला. "आता बागेची नळी आण आणि समोरच्या जाळीवर पाणी मार," म्हणाला. मी पाणी मारलं. काटा झरझर खाली आला आणि आत गार हवा सुरू! पाणी बंद केलं, काटा परत वर. लहान मुलांसारखं दोन-तीनदा करून बघितलं.

"जाळीला वारा मिळत नाहीये," कूको म्हणाला.

"जाळी स्वच्छ आहे. दर आठवड्याला धुते मी."

"समोरून?"

"मग काय आतून धुऊ?"

त्याने वरची पत्र्याची पट्टी काढली, रेडिएटर सुटा करून मागे कलता केला आणि मला बोलावलं. एसीची जाळी पुढे, रेडिएटर मागे, मध्ये बोटभर फट. त्या फटीत लसूणघासाचा भुसा, बी, पतंगांचे पंख, तेलकट धूळ, सगळं मिळून एक घोंगडी तयार झालेली. कूकोने कोपरा धरून ओढली तर अखंड निघाली. मी दर आठवड्याला समोरून पाणी मारून ती आणखी घट्ट बसवत होते!

"ही गाईला घातली तर खाईल," मी म्हणाले.

"हेंकला वीक. चारा म्हणून."

दोघंही इतके हसलो की मला पायरीवर बसावं लागलं. मग आतल्या बाजूने बाहेर पाणी मारत जाळी धुतली. मी नळी धरली, तो ब्रश फिरवत होता. काळं पाणी आधी तांबूस झालं, मग स्वच्छ.

जेवताना तो म्हणाला, जुलैअखेर शीतगृहातून निवृत्त होतोय. बेकर्सफील्डला भावाकडे जाणार. भावाच्या घरामागे एक खोली आहे.

मी म्हणाले, "बरं होईल. तिकडे ऊन जरा कमी."

"हो. जरा कमी."

उरलेले राजमे परत गरम करायला ठेवले ते खाली लागले. आजवर कधी लागले नव्हते. शेगडीचं काहीतरी बिघडलंय.

३ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

तीन दिवस एसी शेतातसुद्धा गार राहिला, म्हणून हेंककडून दुपारची एक फेरी मागून घेतली. पारा एकशे पंधरा फॅरनहाइटला. कालव्याच्या रस्त्यावर, जिथे ना घर ना झाड, तिथे पुढून 'टक' आवाज आला आणि हवा गरम झाली. बटणं दाबली, काही नाही. काचा खाली केल्या तर ऊन थोबाडीत मारल्यासारखं आत आलं. मानेमागे तेच गरगरणं सुरू झालं, त्या दिवशीसारखं. मी घाबरले. फार घाबरले. ट्रक कडेला घेतला आणि कूकोला फोन लावला. नायेलीला नाही, हेंकला नाही. जवळ कोण आहे, याचा विचारसुद्धा केला नाही.

"खाली उतर," तो म्हणाला. "गठ्ठ्यांच्या सावलीत बस. पाणी आहे?"

"आहे."

"पी. अर्धं डोक्यावर ओत. मी निघालो. फोन ठेवू नकोस, बोलत राहा."

"काय बोलू?"

"शिव्या दे. त्या तुला येतात."

मी शिव्या दिल्या. त्याला, ट्रकला, गॅरेजवाल्याला, हेंकच्या फाटकाला. हळूहळू डोकं जागेवर आलं. मग त्याने विचारलं, "इंजिन चालू आहे ना? ताडपत्री सारायची काठी आहे?"

"आहे."

"बॉनेट उघड. त्याआधी केस घट्ट बांध. गळ्यातली साखळी काढ. बाह्या वर कर. केलंस?"

"केलं."

"उजव्या हाताला, वरच्या बाजूला कॉम्प्रेसर. पट्ट्याची चकती फिरत असेल आणि तिच्यासमोरची थाळी थांबलेली असेल."

"हो. थांबलीय."

"लांब उभी राहा आणि काठीच्या टोकाने थाळी हलकेच आत ढकल. पट्ट्याला लागू देऊ नकोस. ओफे, लांब उभी राहा."

ढकलली. 'टक'! थाळी चकतीला चिकटली आणि गरगरा फिरायला लागली. धावत दार उघडलं, हात आत घातला. गार! मी किंचाळले. तिकडून तो, "काय झालं? काय झालं?" मी म्हणाले, "गार झालं!" तर तोही किंचाळला. एका लेट्यूसवाल्याने गाडी हळू करून माझ्याकडे बघितलं. काठी घेऊन फोनवर ओरडणारी बाई. बघू दे.

कूको पोहोचला तेव्हा मी ट्रकमध्ये थंडगार बसले होते. त्याचा शर्ट घामाने चिंब. त्याच्या गाडीला एसी आहे, तरीही. त्याने माझं मनगट धरून नाडी बघितली. नाडी बघायला तो कधी शिकला कोण जाणे. बराच वेळ बघत होता.

गठ्ठे वेळेवर पोचवले. हेंकने फाटक उघडूनच ठेवलं होतं.

५ जुलै, शनिवार

आज खरा रोग सापडला. त्या थाळीच्या मागे लोहचुंबक असतो. तो थाळीला ओढून चकतीला चिकटवतो, तेव्हा कॉम्प्रेसर फिरतो. इतक्या वर्षांत थाळी झिजली आणि मधली फट वाढली. यंत्र थंड असेल तोवर चुंबक ओढू शकतो. तापलं की त्याचा जोर कमी पडतो. ओढायची इच्छा असते, पण अंतर जास्त झालेलं असतं. हे कूकोचे शब्द.

"मग आता? नवा कॉम्प्रेसर?"

"छे. अंतर कमी करायचं."

मधला बोल्ट काढला, थाळी उतरवली. आत कागदाएवढे पातळ वायसर होते. त्यातला एक काढून घेतला आणि थाळी परत बसवली. झालं. एवढंच. काही नवं घातलं नाही, एक पातळ वायसर मधून काढला फक्त.

तासभर इंजिन चालू ठेवून भर उन्हात बघितलं. मी दहादा एसी बंद केला, दहादा चालू केला. दर वेळी 'टक'. कूको पुढच्या टायरवर रेलून ऐकत होता, चर्चमध्ये ऐकतात तसा.

"झाला तुझा ट्रक," तो म्हणाला आणि अवजारं पुसायला लागला. प्रत्येक पाना पुसला. पेटीत ठेवलेले काढून परत पुसले. मी म्हणाले जेवून जा. तो जेवून गेला.

९ जुलै, बुधवार

हेंकने दुपारच्या सगळ्या फेऱ्या परत दिल्या. एसी उत्तम. ट्रक उत्तम. मी उत्तम. आज लिहिण्यासारखं काही नाही. कालही नव्हतं.

११ जुलै, शुक्रवार

कॉम्प्रेसरमधून बारीक आवाज येतो असं वाटतंय. कूकोला बोलावलं. त्याने बॉनेट उघडून कान दिला.

"काही आवाज नाही, ओफे."

"मला येतो."

"कसा?"

"खरखर. किंवा शीळ."

त्याने परत कान दिला. खूप वेळ ऐकलं. मग म्हणाला, "हो, आहे खरं काहीतरी. उद्या परत बघायला हवं."

बघ! मी उगाच म्हणत नव्हते.

१३ जुलै, रविवार

नायेली आली. ट्रकने तिला गावाबाहेर फिरवून आणलं. पाच मिनिटांत ती स्वतःचे दंड चोळायला लागली. "आई, हा फ्रीज आहे की ट्रक?"

"मग? नेतेस मला सॅन डिएगोला?"

"राहा बाई इथेच." मग म्हणाली, "येताना पप्पांना भेटले. खूश दिसतात."

"यंत्र दुरुस्त झालं की तो खूश असतो."

"ते कधी जाणार?"

"महिनाअखेर."

"आणि तू त्यांना काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? बरं होईल म्हणाले."

तिने कपाळावर हात मारला. "आई, तुम्ही दोघं ना..." पुढे काही बोललीच नाही. आजकालच्या मुलांचं अर्धं वाक्य तोंडातच राहतं. निघताना मात्र मला इतकी घट्ट मिठी मारली, जणू मीच कुठे लांब चालले होते.

१९ जुलै, शनिवार

आज कूको फेरीला सोबत आला. भर दुपारी, ओझं घेऊन, पूर्ण रस्ताभर तपासलं की मग शंका नको, असं मीच म्हणाले. त्यालाही पटलं.

जाताना आम्ही बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते. हेंकने गठ्ठे उतरवून घेतले, कूकोशी हात मिळवला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला कशाचं हसू येत होतं कोणास ठाऊक.

येताना ट्रक रिकामा होता आणि हवा गार. कूकोने झडप स्वतःकडून जरा वळवली, हॅट डोळ्यांवर ओढली आणि झोपला. सकाळी चारपासून शीतगृहात होता. तोंड किंचित उघडं. पूर्वीही असाच झोपायचा. पूर्वी मला त्याचा राग यायचा.

त्याच्या घराचं वळण आलं. मी वेग कमी केला. सिग्नल दिला. मग वाटलं, इतका गाढ झोपलाय, झोपमोड कशाला करायची. सिग्नल बंद केला आणि सरळ पुढे आले.

अंगणात ट्रक उभा केला. इंजिन बंद केलं असतं तर एसी बंद झाला असता आणि तो उकाड्याने जागा झाला असता. म्हणून चालूच ठेवलं आणि बसून राहिले. डिझेल जळत होतं. एरवी मी एका मिनिटासाठीसुद्धा इंजिन बंद करते. समोर कालव्याच्या बाजूला ऊन नुसतं थरथरत होतं आणि आत इतकं गार होतं की मी मागची चादर काढून त्याच्या गुडघ्यांवर टाकली.

बऱ्याच वेळाने तो हलला. हॅट वर केली, काचेतून बाहेर बघितलं. आपण कुठे आहोत ते त्याच्या लक्षात येईना.

"कुठे आलो?"

"घरी," मी म्हणाले.

'माझ्या घरी' म्हणायचं होतं मला. तोंडातून 'घरी' एवढंच निघालं. दुरुस्त करणार होते, पण त्याने माझ्याकडे बघितलं आणि ते राहून गेलं. त्याने चादरीची नीट घडी केली आणि हात पुढे करून एसी बंद केला. मग इंजिन मी बंद केलं.

दार उघडता उघडता तो म्हणाला, "मीठ अजून खिडकीतच ठेवतेस?"

"शेगडीशेजारी," मी म्हणाले. "तू म्हणायचास तिथे."

उतरलो आणि आत गेलो.